काउन्सेलरला आधी तू प्रश्न विचार

ताई,

सप्रेम जय भीम.

मी 26 वर्षांची आहे. मूळची परभणी जिल्ह्यातली. चार वर्षांपासून पुण्यात राज्यसेवेची तयारी करते. एकदा पूर्व पास झाले, मुख्यला राहिले. वडील नाहीत. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. माझा पुण्यातला निम्मा खर्च मामा बघतात.

माझं एका मुलीवर प्रेम आहे, दोन वर्षं झाली. ती पुण्याचीच. तिच्या घरी माहीत आहे आणि त्यांनी फार त्रागा केला नाही. ती म्हणते, तूही घरी सांगून टाक, एकदाची मोकळी होशील. ती सवर्ण आहे. तिला माझी भीती कळत नाही असं म्हणवत नाही, पण कळते असंही म्हणवत नाही.

मागच्या वर्षी अभ्यासात लक्ष लागेना म्हणून एका मॅडमकडे काउन्सेलिंगला गेले. लहानपणी कोणी काही केलं होतं का, पुरुषांचा वाईट अनुभव आला का, एवढंच त्या विचारत राहिल्या. मग दुसऱ्या मॅडमकडे गेले. त्या चांगल्या वाटल्या, मुलीवरच्या प्रेमाचं त्यांना काही वाटलं नाही. पण रूम बघायला गेलं की आडनाव विचारून नकार मिळतो, अभ्यासिकेत माझ्या मागे काय बोलतात, हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘पुण्यात आता तसं काही राहिलं नाही, तुम्ही फार मनाला लावून घेता. आणि तुमचं तर कॅटेगरीतून होऊन जाईल, एवढा ताण कशाला?’ एका सेशनचे बाराशे रुपये होते. मी परत गेले नाही.

चळवळीतल्या मित्रांना सांगायची सोय नाही. एकजण मागे म्हणाला होता, हे सगळे मोठ्या लोकांचे चोचले. क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांच्या ग्रुपच्या एका भेटीला गेले तर सगळे इंग्रजीत बोलत होते आणि ओळख होते न होते तोच एकीने पूर्ण नाव विचारलं.

उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा मामेबहिणीने माझ्या मोबाइलमधले मेसेज वाचले. मामा म्हणतात, शेजारच्या जिल्ह्यात एक डॉक्टर आहेत, ते अशा पोरींना औषध देऊन नीट करतात. दिवाळीत घेऊन जाणार आहेत. आई काहीच बोलत नाही. कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी जागच येऊ नये.

परत काउन्सेलिंगला जावं का? माझ्यासारखीला समजून घेणारं कोणी असतं का, की मीच जास्त विचार करते?

स., पुणे


प्रिय स.,

सप्रेम जय भीम.

सकाळी जागच येऊ नये, हे तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. मी तिथूनच सुरुवात करते. असं किती वेळा वाटतं, तेव्हा तू एकटी असतेस का, त्याच्या पुढे जाऊन काही करावं असं कधी मनात आलं का, हे मला पत्रावरून कळत नाही. पण हे वाक्य तू माझ्याशिवाय आणखी एका माणसाला सांगायला हवं, आणि आजच. तुझ्या मैत्रिणीला जसंच्या तसं सांग. तिने त्यावर उपाय सुचवायची गरज नाही, तिला ते माहीत असणं पुरे. रात्री फार जड झालं तर 14416 लाव. ही टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे. मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोनवर जो माणूस मिळेल तो काही विचित्र बोलला तर फोन ठेवून पुन्हा लाव, दुसरं कोणीतरी उचलेल. आणि जीव द्यायचा विचार पक्का होत चालला, कधी आणि कसा हे मनात ठरू लागलं, तर कोणाच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नको. मैत्रिणीला बरोबर घेऊन थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. पुढे ज्या कोणाकडे काउन्सेलिंगला जाशील तिलाही हे पहिल्याच भेटीत सांग. ते ऐकून जी गडबडणार नाही, शांतपणे पुढचं विचारेल, ती कामाची.

आता तुझा प्रश्न. तू जास्त विचार करत नाहीस. तुझं दोन ठिकाणी नीट ऐकून घेतलं गेलं नाही.

पहिल्या मॅडमचं बघू. काउन्सेलरने बालपणाबद्दल विचारणं यात गैर काही नाही. कोणी कधी त्रास दिला असेल तर त्या दुखण्याकडे बघायलाच हवं. पण त्या तुझ्या प्रेमाचं कारण शोधत होत्या. तू आली होतीस अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून. एखादी मुलगी मुलाच्या प्रेमात पडून, अभ्यास होत नाही म्हणून आली असती, तर तिला कोणी ‘बायकांचा वाईट अनुभव आला होता का?’ असं विचारलं नसतं. कारण शोधायला लागलं की समोरच्या माणसात काहीतरी बिघडलंय हे आधीच ठरलेलं असतं. अशा खोलीत बसून कोणाला बरं वाटणार?

दुसऱ्या मॅडमबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण अशी माणसं जास्त भेटतात आणि त्यांचं चुकलेलं पटकन कळत नाही. त्यांनी तुझं प्रेम स्वीकारलं. मग तुला वाटलं असणार, एवढं मिळालं ते काय कमी, आता जातीचं कशाला काढा. चपला दाराबाहेर काढून आत जावं तशी जात बाहेर ठेवून आत बसायचं, असा तो व्यवहार होता. पण तुझं प्रेम आणि तुझी जात या दोन वेगळ्या फायली नाहीत. तू तुझ्या मैत्रिणीबरोबर एकत्र राहायला खोली का शोधू शकत नाहीस? घरमालक आधी आडनावावर अडतो. त्यातून पार पडलीस तर दोन मुली किती दिवस राहणार, लग्न कधी, हे विचारतो. घरी स्वतःहून का सांगू शकत नाहीस? निम्मा खर्च मामांकडून येतो, आईचं मानधन तुटपुंजं, आणि परीक्षा हा तुझ्या घराचा वर यायचा एकच रस्ता आहे. हे जातीबद्दल आहे की प्रेमाबद्दल? वेगळं करून दाखवता येणार नाही. ज्या काउन्सेलरला यातलं अर्धंच दिसतं, तिला ते अर्धंही नीट दिसत नाही.

आणि ‘कॅटेगरीतून होऊन जाईल’ हे वाक्य. ते काउन्सेलिंगच्या खोलीत उच्चारलं गेलं याचा मला राग येतो. तो टोमणा तू अभ्यासिकेत रोज ऐकतेस. तोच टोमणा बाराशे रुपये देऊन ऐकायला लागला. तू उठून आलीस, परत गेली नाहीस, हे योग्य केलंस. तुझ्या पत्रात त्याबद्दल थोडी अपराधी भावना जाणवली, ती सोडून दे.

इलन मेयर या अमेरिकी संशोधकाने 2003 मध्ये समलिंगी आणि स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढ असलेल्या माणसांच्या मानसिक आरोग्यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. या लोकांमध्ये नैराश्य, चिंता जास्त आढळते, ती त्यांच्या प्रेमामुळे येत नाही. भेदभाव, नाकारलं जाण्याची सततची धास्ती, लपवाछपवी आणि समाजाचं वाईट मत स्वतःच्याच मनात मुरणं, यातून ती येते, अशी त्याची मांडणी आहे. याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात. तुझा दिवस डोळ्यांसमोर आण. सकाळी अभ्यासिकेत कोणी काय म्हणतंय याकडे एक कान. दुपारी आईचा फोन, त्यात मैत्रिणीचा उल्लेख ‘रूमची मुलगी’ असा. संध्याकाळी चहावर मित्र लग्नाच्या गप्पा मारतात तेव्हा हसून विषय बदलणं. रात्री मैत्रिणीजवळ जातीचा विषय निघाला की तिला वाईट वाटू नये म्हणून स्वतःच आवरतं घेणं. एवढी राखण करून मग राज्यघटनेची कलमं आणि चालू घडामोडी डोक्यात शिरणार कशा? तुझं लक्ष लागत नाही ते आळसामुळे नाही. तुझं लक्ष दिवसभर दुसऱ्या कामाला जुंपलेलं आहे.

क्वीअर अफर्मेटिव्ह काउन्सेलिंग म्हणतात त्याची सुरुवात इथून होते. त्याचा अर्थ काउन्सेलरने ‘माझा काही आक्षेप नाही’ असं सांगणं एवढाच नाही. आक्षेप नसणं ही किमान गोष्ट झाली, त्याचे पैसे कशाला द्यायचे? तुझा त्रास कुठून येतो हे बघताना तिची नजर तुझ्या स्वभावावर अडकून न पडता तुझ्या घरावर, पेठेवर, अभ्यासिकेवर, कायद्यावर, पैशावर जायला हवी. त्यातलं काय बदलता येईल, काय आत्ता नाही, कुठे आधार आहे, हे तिने तुझ्याबरोबर बसून बघायला हवं. आणि ती स्वतः कुठून आली आहे हे तिला ठाऊक असायला हवं. मी सवर्ण घरात वाढले. आडनावावरून मला कोणी खोली नाकारलेली नाही. म्हणून तुझ्या पत्रातल्या त्या भागाबद्दल बोलताना मी तू सांगशील ते खरं धरून चालते. ‘खरंच जातीमुळेच झालं असेल का?’ असं तुला विचारण्याचा मला अधिकार नाही.

असे काउन्सेलर असतात का? असतात. कमी आहेत, मुंबई-पुण्यात जास्त आहेत आणि बरेच इंग्रजीत काम करतात, हेही खरं. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही मुंबईची संस्था 2019 पासून काउन्सेलर आणि मानसोपचारतज्ज्ञांसाठी क्वीअर अफर्मेटिव्ह काउन्सेलिंगचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घेते. तो केलेली माणसं आता बऱ्याच शहरांत आहेत, ऑनलाइनही भेटतात. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल ही मोफत सेवा आहे, फोनवर आणि ईमेलवर. दिव्या कंदुकुरी यांनी दलित-बहुजनांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘द ब्लू डॉन’ हा गट सुरू केला, त्यातून असे काउन्सेलर आणि त्यांच्याकडे जाणारे लोक एकमेकांपर्यंत पोचले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टने या विषयावर मराठीत काम केलं आहे. मुंबईत 1995 मध्ये स्त्री संगम या नावाने सुरू झालेला आणि पुढे लाबिया म्हणून ओळखला जाणारा बायकांचा गट आहे. काउन्सेलिंग मिळालं नाही तरी ‘मराठीत बोलणारं, कमी फी घेणारं कोणी माहीत आहे का?’ हे अशा ठिकाणी विचारता येतं.

पण कोणाच्याही भिंतीवरचं प्रमाणपत्र किंवा इन्स्टाग्रामवरचा इंद्रधनुषी झेंडा बघून जाऊ नको. आधी दहा मिनिटं फोनवर बोल. चांगले काउन्सेलर याला नाही म्हणत नाहीत आणि त्याचे पैसेही सहसा घेत नाहीत. शिक्षण विचार, कारण काउन्सेलरची पाटी आपल्याकडे कोणीही लावतं. औषध लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस झालेले, मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेले डॉक्टर असतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. बाकीच्यांनी मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात निदान एमए, एमएसडब्ल्यू केलेलं असावं आणि अजूनही कोणा अनुभवी माणसाकडून सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामावर मार्गदर्शन, घेत असावेत. हे विचारलं म्हणून कोणी दुखावलं तर ते तुझ्या कामाचं नाही.

मग सरळ विचार: मी एका मुलीवर प्रेम करते, अशा बायकांबरोबर तुम्ही काम केलंय का? आणि पुढचा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: मी बौद्ध आहे, जातीमुळे होणाऱ्या त्रासाबद्दल मला बोलायचं आहे, तुम्ही त्यावर कसं काम करता? दुसऱ्या प्रश्नानंतर जी शांतता होते ती नीट ऐक. ‘मी जात मानत नाही, माझ्यासाठी सगळी माणसं सारखी’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून फोन ठेव. हे म्हणणारी व्यक्ती मनाने वाईट असेल असं नाही, पण तुझ्या त्रासाचा निम्मा भाग तिला दिसत नाही. ‘माझा यातला अनुभव कमी आहे, माझी स्वतःची जात ही आहे, मी यावर वाचते आणि सुपरव्हिजनमध्ये बोलते, माझं काही चुकलं तर मला सांगा’ असं कोणी म्हणालं, तर मी तिच्याकडे एक सेशन तरी जाऊन बघीन. स्वतः दलित किंवा बहुजन असलेली काउन्सेलर हवी, अशी मागणीही तू करू शकतेस. तीत संकोच वाटण्यासारखं काही नाही. बाईकडेच जायचं म्हणून बायका डॉक्टरीणबाई शोधतातच की.

फीबद्दलही आधीच बोल. बरेच काउन्सेलर काही जागा कमी फीच्या ठेवतात, त्याला स्लायडिंग स्केल म्हणतात. ‘मला महिन्याला एवढेच जमतील’ असा आकडा तूच सांग. मराठीत बोलायचं आहे हेही सांग. इंग्रजीत रडता येत नाही, असं माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली म्हणतात, आणि मला ते पटतं.

दोन-तीन सेशननंतर स्वतःला विचार: मी इथे काय काय लपवलं? पहिल्या दिवशी सगळं बोलून होतच नाही. पण तिसऱ्या वेळीही तोच विषय गिळून घरी आलीस, तर तसं तिला सांग, आणि सांगूनही फरक पडला नाही तर बदल. काउन्सेलर बदलणं यात कृतघ्नपणा नाही.

आता मामा आणि ते औषध देणारे डॉक्टर.

असं औषध अस्तित्वात नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये काढली, आणि आपल्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने 2018 मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळलं. अशा ‘उपचारां’च्या नावाखाली माणसाला गुंगीची औषधं, हार्मोन, शॉक, काहीही दिलं जातं. त्यातून प्रेम जात नाही, तब्येत जाते आणि स्वतःवरचा विश्वास जातो. 7 जून 2021 रोजी मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी एका लेस्बियन जोडप्याच्या प्रकरणात याविरुद्ध आदेश दिला. तो देण्याआधी, आपल्याला हा विषय पुरेसा कळत नाही असं म्हणून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाबरोबर बसले होते. न्यायमूर्तीला हे जमलं, मग काउन्सेलरला का जमू नये? त्या प्रकरणातूनच पुढे ऑगस्ट 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं की कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे समलिंगी माणसाला उपचारांनी ‘बदलायला’ जाणं, हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे त्या डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होऊ शकते आणि त्यांची नोंदणी धोक्यात येऊ शकते. मामांना तुझं प्रेम पटवून देण्याच्या फंदात आत्ता पडू नको. हे मात्र सांगता येईल की मामा, असं औषध द्यायला डॉक्टरांना मनाई आहे, यात आपणच अडकू. कागदोपत्री भानगड म्हटली की जुनी माणसं जरा थांबतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मधल्या काही गोष्टी तुला माहीत हव्यात. तू परीक्षेला पॉलिटी करतेस, तेव्हा कलमं तुला जड जाणार नाहीत. कलम 3 म्हणतं की समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक कल्पनांत न बसणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. कलम 18 ने लैंगिक कल आणि जात या दोन्हींवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत, त्या दुसऱ्या मॅडमनी ते वाचायला हवं होतं. कलम 23 प्रमाणे तू सांगितलेलं गुप्त राहायला हवं, मामांनी फोन करून विचारलं तरी. जिवाला धोका असेल तेव्हाचे अपवाद आहेत, ते काउन्सेलरने पहिल्या भेटीतच सांगायचे असतात.

सर्वांत उपयोगाचं आहे कलम 14. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. उद्या कोणी तुला मनोरुग्णालयात दाखल करण्याची भाषा केली, तर तुझ्या वतीने बोलण्याचा पहिला मान त्या व्यक्तीचा. तुझ्या मनाविरुद्ध दाखल करायचं तर कलम 89 खाली दोन तज्ज्ञांनी तुला वेगवेगळं तपासून, गंभीर आजारामुळे तुला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं म्हणावं लागतं, आणि अर्ज प्रतिनिधीकडून यावा लागतो. मुलीवर प्रेम असणं यात कुठेच बसत नाही. या आठवड्यात तो कागद कर. मैत्रीण किंवा विश्वासातली दुसरी कोणी, तिचीही लेखी संमती घे, आणि एक प्रत तिच्याकडे ठेव.

दिवाळीला गावी जाऊ नको. परीक्षा आहे, टेस्ट सिरीज आहे, काहीही सांग. हा खोटेपणा वाटला तरी चालेल. जावंच लागलं तर एकटी कुठल्या गाडीत बसू नको, रोज ठरल्या वेळी मैत्रिणीला फोन, आणि फोन आला नाही तर तिने काय करायचं हे आधी ठरलेलं असू दे. त्याआधी एक काम कर. दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या मार्कलिस्ट, आधार, जातीचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र, हे सगळं मूळ स्वरूपात तुझ्याजवळ पुण्यात आहे ना? गावच्या कपाटात असेल तर परीक्षेच्या अर्जाला लागतं म्हणून मागवून घे. बँक खातं फक्त तुझ्या नावाचं असू दे, नोंदवलेला मोबाइल नंबर तुझा असू दे. राज्य सरकारच्या बार्टी या संस्थेचं विद्यावेतन मिळत असेल तर ते कुठल्या खात्यात येतं ते बघ. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका लेस्बियन जोडप्याच्या प्रकरणात सगळ्या न्यायालयांना सूचना दिल्या: सज्ञान मुलीला घरच्यांनी डांबलं असेल तर तिची इच्छा तिला एकटीला विचारून घ्यायची, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवायला तिला घरच्यांच्या हवाली करायचं नाही. वेळ आलीच तर मैत्रीण तुझ्यासाठी न्यायालयात जाऊ शकते.

आईच्या गप्प राहण्याचा अर्थ लगेच नकार असा लावू नको. भावाच्या पैशावर लेकीचं शिक्षण चाललंय, ती बाई काय बोलणार? मामा नसताना तिच्याशी फोनवर नेहमीचंच बोल, जेवण, अंगणवाडी, गुडघे. तिच्याशी असलेली ती वाट चालू ठेव. मूल समलिंगी किंवा ट्रान्स आहे हे कळल्यावर आधी कोसळलेल्या आणि मग उभ्या राहिलेल्या आईवडिलांचा ‘स्वीकार’ नावाचा गट आहे. एखाद्या दिवशी तुझ्या आईला दुसऱ्या आईशी बोलावंसं वाटेल, तेव्हा ते नाव कामाला येईल. आत्ता नाही.

तुझी मैत्रीण म्हणते, सांगून टाक. तिच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण तिने सांगितलं तेव्हा तिच्या पायाखाली घर होतं, शहर होतं, आणि बहुधा पुढच्या महिन्याच्या मेसच्या पैशांची चिंता नव्हती. मेसेज वाचले गेले असले तरी तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस तर त्या रात्री कुठे झोपशील, हा प्रश्न आहे. कमिंग आऊट, म्हणजे आपलं प्रेम उघड सांगणं, ही धैर्याची परीक्षा नव्हे, आणि कोणतीही शहाणी काउन्सेलर तुला त्याची घाई करणार नाही. नोकरी लागल्यावर सांग, दहा वर्षांनी सांग, आईला सांग आणि मामांना कधीच सांगू नको, हे सगळे मार्ग मोकळे आहेत. हे मैत्रिणीशी बोलताना जातीचा विषय मात्र गिळू नको. ‘तू सवर्ण आहेस म्हणून तुला सोपं गेलं’ हे वाक्य तिला लागेल. लागू दे. ज्या नात्यात तुला रात्री स्वतःला आवरतं घ्यावं लागतं, तिथे विसावा कुठे मिळायचा? दोघींनी मिळून एखाद्या काउन्सेलरकडे जाऊन हे बोललात तर आणखी बरं.

राहिला तो चळवळीतला मित्र आणि त्याचे ‘चोचले’. त्याला 1934 सालची एक गोष्ट सांग. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक चालवायचे. वाचक त्यांना लैंगिक विषयांवर प्रश्न पाठवायचे आणि ते छापून उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे कराराला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, त्यांच्यामागे कामांचा डोंगर होता. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही, वाचक विचारतात तर त्यांना उत्तर मिळायला हवं, ही बाजू ते न्यायालयात मांडत होते. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. तुझ्यासारख्याच कोणा वाचकाच्या प्रश्नासाठी बाबासाहेब उभे राहिले होते, स. हे चोचले असते तर त्यांनी त्यावर वेळ घालवला असता का? आणि दिशा पिंकी शेख ही ट्रान्स कवयित्री 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीची प्रवक्ती झाली, ती जात आणि लिंग एकाच भाषणात मांडते. दोन्हीकडे तू अर्धी उपरी नाहीस. तुझ्याआधी या वाटेने माणसं गेलेली आहेत आणि ती आपल्याच भाषेतली आहेत. त्या इंग्रजी ग्रुपमध्ये पुन्हा जायलाच हवं असं नाही. पण तिथे कोपऱ्यात गप्प बसलेली आणखी एखादी मुलगी असेल, तिच्याशी मराठीत बोलून बघ.

तर हो, काउन्सेलिंगला परत जा, पण तपासून. फोनवर बोलायला धीर होत नसेल तर हा मेसेज तुझ्यासाठी लिहून ठेवला आहे, हवा तसा बदलून घे:

‘नमस्कार. मी 26 वर्षांची आहे, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. मी बौद्ध आहे आणि माझी जोडीदार मुलगी आहे. या दोन्हींबद्दल मोकळेपणाने, मराठीत बोलता येईल अशी काउन्सेलर मी शोधते आहे. याआधी दोनदा अनुभव चांगला आला नाही. सध्या मला जगणं नकोसं वाटण्याचे विचारही येतात. तुम्ही जातीच्या आणि लैंगिकतेच्या प्रश्नांवर काम केलं आहे का? मला एका सेशनला तीनशे रुपये देणं जमेल. ऑनलाइन किंवा प्रत्यक्ष, दोन्ही चालेल. आधी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’

एकदम तिघींना पाठव. एकीच्या उत्तराची वाट बघत बसू नको. ज्या जमणार नाही म्हणतील त्यांना दुसरं नाव विचार. आणि यातल्या कोणाचंही उत्तर येईपर्यंत तुझ्याजवळ 14416 आहे आणि तुझी मैत्रीण आहे. तिला ते वाक्य आज रात्री सांग.

तुझी,
ताई